वैश्विक किरण आकाशगंगेत किती काळ भटकतात? हे मोजतात कसं?

१९१२ साली व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर गेले. वर जावं तसा किरणोत्सार वाढत होता, म्हणजे तो अवकाशातून येत होता. हेच वैश्विक किरण, अर्थात कॉस्मिक रेज. नावात किरण असले तरी हे प्रचंड वेगाने धावणारे कण आहेत: बहुतेक प्रोटॉन आणि थोडी जड अणुकेंद्रकं.

दिशा का उपयोगी नाही?

हे कण विद्युतभारित असतात. आकाशगंगेतलं चुंबकीय क्षेत्र त्यांना सतत वळवतं. त्यामुळे कण ज्या दिशेने आला, तिकडेच त्याचा उगम असेल असं नाही. मग प्रवासाचा माग काढायचा कसा? वेळ मोजून.

बेरिलियमचं घड्याळ

ताऱ्यांच्या पोटात बेरिलियम टिकत नाही. वैश्विक किरणांमधली कार्बन, ऑक्सिजनची केंद्रकं वाटेतल्या वायूवर आदळून फुटतात, तेव्हा ते तयार होतं. त्यातलं बेरिलियम-९ स्थिर असतं. बेरिलियम-१० किरणोत्सारी असतं आणि सुमारे १४ लाख वर्षांत निम्मं होतं. दोन्ही किती प्रमाणात बनतात, हे प्रयोगशाळेतल्या टकरींवरून कळतं. त्या मानाने बेरिलियम-१० जितकं कमी सापडेल, तितका प्रवास जुना.

नासाने १९९७ मध्ये सोडलेल्या 'एस' यानाने हे मोजमाप केलं. उत्तर आलं: सरासरी सुमारे दीड कोटी वर्षं. आकाशगंगेची तबकडी ओलांडायला प्रकाशाला साधारण एक लाख वर्षं लागतात. म्हणजे हे कण सरळ येत नाहीत, भटकत राहतात.

कण किती वायूतून गेले, हे स्थिर समस्थानिक सांगतात. त्याला वेळेची जोड दिली की वाटेतल्या वायूची सरासरी घनता निघते. ती तबकडीतल्या घनतेपेक्षा कमी भरते. याचा अर्थ, कण बराच काळ तबकडीबाहेरच्या विरळ भागात घालवतात.

लोखंडाची साक्ष

याच यानाला १७ वर्षांत लोह-६० ची फक्त १५ केंद्रकं सापडली. २०१६ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लोह-६० मुख्यतः सुपरनोव्हा स्फोटांशी जोडलं जातं आणि सुमारे २६ लाख वर्षांत निम्मं होतं. ते अजून शिल्लक आहे, म्हणजे गेल्या काही दशलक्ष वर्षांत, आपल्यापासून फार दूर नसलेल्या भागात तारे फुटले होते. दिशेने जे सांगितलं नाही, ते या १५ केंद्रकांनी सांगितलं.