शिस्त, माशी आणि मागची खाच

'शिस्त' हा शब्द आज उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शाळेची रांग उभी राहते. हा शब्द मुळात शाळेतला नव्हे, रणांगणावरचा आहे, हे भाषेच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. फारसीतील 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि धनुर्धराने प्रत्यंचा ओढण्यासाठी अंगठ्यात घालायची अंगठीही. तेथून तो नेम धरण्याच्या क्रियेकडे सरकला, आणि मराठीत आला तो 'शिस्त धरणे', 'शिस्त बांधणे' या रूपांत, बाणाबरोबर आणि मग बंदुकीबरोबर. नेम धरायचा तर डोळा, हत्यार आणि लक्ष्य एका ओळीत यावे लागतात. त्या ओळीवरून रांग आणि रांगेवरून वर्तनाची चाकोरी, हा अर्थविस्तार आम्हांला तरी स्वाभाविक वाटतो. जुना अर्थ मात्र पुरता मेलेला नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या कवायतीत पॉइंट टू-टू रायफल हाती देताना फौजी हिंदीत आजही 'शिस्त लेना' शिकवतात, आणि 'दुरुस्त शिस्त' म्हणजे बरोबर धरलेला नेम. कॉलेजातली मुले हे शब्द पाठ म्हणतात, पण आपण आपल्याच भाषेतला एक हरवलेला अर्थ उच्चारत आहोत हे त्यांच्या गावीही नसते.

हे सारे सुचण्याचे निमित्त अगदी क्षुल्लक आहे: नेमबाजीच्या पिस्तुलाची मागची साइट मोडते तेव्हा काय होते, हा प्रश्न. प्रश्न कारागिराचा आहे, पण त्याच्या मागे चालत गेले की इतिहास लागतो, आणि कर्जत-खालापूरच्या मुलखात तर तो फारच लवकर लागतो.

खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंड आहे. शाइस्ताखानाने पुण्याहून कोकणात धाडलेला कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी या खिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याची वाट अडवली. पुढे झाडी, मागे झाडी, मध्ये अरुंद वाट, आणि पाण्यावाचून व्याकूळ झालेली फौज. खानाबरोबर असलेल्या रायबागनने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला आणि खंडणी भरून फौज परतली. ही कथा सर्वश्रुत आहे. आम्हांला येथे लक्ष वेधायचे आहे ते बंदुकांकडे. त्या काळची तोडेदार बंदूक जळत्या वातीने उडे. तिच्या नळीवर मागे खाच असलेला एक ठोकळा आणि तोंडाशी छोटी माशी असे, पण तो ठोकळा डावी-उजवीकडे वा खाली-वर सरकवण्याची सोय नसे. बंदूक डावीकडे मारत असेल तर बंदूकवाल्याने तितके उजवीकडे धरावे, एवढाच उपाय. म्हणजे दुरुस्ती हत्यारात नसे, हत्यार बाळगणाऱ्याच्या अंगात असे. आणि उंबरखिंडीत तर नेमाचे निम्मे काम भूगोलानेच केले होते.

नेमाची चूक माणसाकडून काढून स्क्रूकडे सोपवणे, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा बदल. त्याच शतकात रिमफायर काडतूस आले. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेरने ते घडवले, १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने त्यावर चालणारे छोटे रिव्हॉल्व्हर विकायला काढले, आणि १८८७ मध्ये आजचे पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस बाजारात आले. त्याच्या बुडाच्या कडेतच ठिणगीचा मसाला भरलेला असतो, म्हणून घोडा मध्यावर नव्हे, कडेवर आपटतो. गोळीचे वजन सुमारे २.६ ग्रॅम. आवाज कमी, धक्का नाममात्र, खर्चही थोडा. लढाईसाठी हे काडतूस कुचकामी, पण सरावासाठी याहून चांगले काही निघाले नाही.

आता थोडे गणित. साहित्याच्या वाचकाने येथे पान उलटू नये, कारण सारे नाट्य येथेच आहे. २५ मीटरच्या स्पर्धेत पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. लक्ष्य २५,००० मिलिमीटरवर. भागाकार केला तर मागची खाच एक मिलिमीटर हलली की गोळी लक्ष्यावर सुमारे ११४ मिलिमीटर हलते. अचूकतेच्या फेरीतील लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यापुढचे प्रत्येक कडे २५ मिलिमीटरचे. म्हणजे नखाच्या जाडीहूनही कमी असा पाव मिलिमीटरचा ढिलेपणा मध्यावरची गोळी दहाच्या बाहेर काढतो, आणि एक मिलिमीटर तिला थेट साडेचार कडी दूर नेऊन टाकतो. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. नेमबाजीत ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. तेथे अंतिम फेरी बरोबरीत सुटून निकाल शूट-ऑफवर गेला होता. अशा ठिकाणी पाव मिलिमीटर म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

मागच्या साइटची रचना पाहिली तर आश्चर्य वाटते की इतके तोलून धरणारी वस्तू इतकी क्षुद्र असते. मध्ये चौकोनी खाच असलेले पोलादी पान, त्याला खाली-वर करणारा एक स्क्रू, डावी-उजवीकडे नेणारा दुसरा, उलट दिशेने रेटणारी स्प्रिंग, 'टक्' असा आवाज करून पायरी दाखवणारी बारीक गोळी, आणि हे सारे ज्यावर डुलते ती एक पिन. पिस्तूल मांडणीवरून फरशीवर पडले की बहुधा पान चिरते किंवा पिन वाकते, कारण तेच सर्वांत उंच असते. बदलण्याचे काम समजायला सोपे, करायला कष्टाचे. आधी मॅगझिन काढून नळी रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. मग स्क्रू शेवटापर्यंत फिरवताना 'टक्' किती वेळा होते ते मोजून कागदावर लिहायचे. पिन पितळी पंचाने काढायची, पोलादी पंचाने नव्हे, कारण पितळ स्वतः झिजते आणि पिस्तुलाला ओरखडा येऊ देत नाही. पान सुटताच स्प्रिंग आणि ती गोळी उडतात, म्हणून जाणता माणूस हे काम कापडावर, आणि शक्य तर पारदर्शक पिशवीत हात घालून करतो. नवे पान बसवल्यावर ते बोटाने हलवून पाहायचे, कारण पिन सैल असेल तर वरचे सगळे गणित फुकट. मग मोजलेले 'टक्' परत द्यायचे.

नेमाचे यंत्र नजरेवाचूनही घडू शकते, याचे एक विलक्षण उदाहरण येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. सोव्हिएत रशियात मिखाईल मार्गोलिन नावाचा रचनाकार तरुणपणीच आंधळा झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने रचलेले रिमफायर पिस्तूल त्याच्याच नावाने जगभरच्या नेमबाजांना ठाऊक झाले. त्याची मागची साइट सरकणाऱ्या स्लाइडवर बसवलेलीच नाही. ती एका स्थिर कमानीवर आहे आणि स्लाइड त्या कमानीखालून ये-जा करते. प्रत्येक गोळीबरोबर हादरणाऱ्या भागापासून नजरेची ओळ वेगळी ठेवावी, ही गोष्ट न पाहणाऱ्या माणसाने हातांनी ओळखली.

आता कर्जत-खालापूरकडे परत येऊ. हे पान घडवायला लागते ते चांगले पोलाद आणि बारीक काम करणारे हात. पोलादासाठी खोपोलीला दूर जावे लागत नाही. पूर्वी महिंद्र युजिनचा असलेला मिश्रपोलादाचा कारखाना तेथलाच. विजेचे म्हणाल तर टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ चे आणि कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ चे. लेथवर शतांश मिलिमीटर धरणारे कामगार या पट्ट्यात आहेत. तरीही त्यांच्यापैकी कोणी हे पान हाती घेणार नाही, आणि घेऊही नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमान्वये बंदुकीची दुरुस्तीसुद्धा परवान्यावाचून करता येत नाही, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही बंदूकच ठरतात.

या कायद्याच्या मागे १८७८ चा कायदा उभा आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील त्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातील हत्यार परवान्याच्या कक्षेत नेले. त्याचा राजकीय अर्थ आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला आहे. कर्जत तालुक्यातल्याच माथेरानला जन्मलेल्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये मुंबईकडे वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. हत्यार कोणाच्या हाती होते आणि कोणाच्या नव्हते, हे त्या सकाळी स्पष्टच होते. पण त्या कायद्याचा कारागिरीवर झालेला परिणाम क्वचितच कोणी मांडतो. हत्यारांना पाणी आणि धार देणारा शिकलगार हा शब्द फारसीतील 'सैकलगर'वरून आला. त्याच शिकलगारांची पुढची पिढी सुऱ्या, कात्र्या आणि कुलपांकडे वळली. हत्यार गावातून गेले तसे त्याचे ज्ञानही गेले. कायदा अनावश्यक होता असे आमचे म्हणणे नाही. बेकायदा कट्ट्यांच्या देशात दुरुस्तीवर परवाना असावा हे आम्हांलाही पटते. मात्र एका क्रीडाप्रकाराला लागणारी कारागिरी देशात अंकुरण्याआधीच तिच्यावर झाकण बसले, ही किंमत नोंदवायला हवी. म्हणून आजचा नेमबाज परदेशी कंपनीचे पान मागवतो, परवानाधारक कारागिराकडे जातो, नाहीतर आधीच जादा संच पेटीत ठेवतो.

ही काळजी अनाठायी नाही. बीजिंगला २००८ मध्ये अंतिम फेरीपूर्वीच्या सरावात अभिनव बिंद्रांच्या रायफलीची गोळी भलतीकडे गेली. साइट कोणीतरी हलवली होती, असे त्यांनी आत्मकथनात नमूद केले आहे. वेळेवर स्क्रू फिरवून त्यांनी ती जागेवर आणली. टोकियोला २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा लीव्हर मोडला, दुरुस्तीत मिनिटे गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पनवेलला ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. कर्जत-खालापूरच्या मुलामुलींना रेंज आता एका लोकलच्या किंवा एसटीच्या अंतरावर आली आहे. पान बदलणारा परवानाधारक हात तितका जवळ नाही.

नवे पान बसले म्हणजे काम संपले असे नव्हे. लिहून ठेवलेला 'टक्'चा आकडा फक्त जवळ नेतो, कारण कोणत्याही दोन पानांची खाच तंतोतंत एक नसते. टेकूवर हात ठेवून पाच गोळ्या झाडायच्या, एकेका गोळीकडे न पाहता पाचांच्या पुंजक्याचा मध्य काढायचा, आणि गोळी जिकडे जायला हवी तिकडे मागची साइट सरकवायची. पुढची माशी सरकवायची असती तर उलट दिशेने. पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा पुंजका, पुन्हा दोन 'टक्'. छात्रसेनेचा उस्ताद यालाच दुरुस्त शिस्त म्हणतो.