साठ मोटारी, चालू चार

कॉमर्स कॉलेजात चार वर्षं काढून माझ्या पदरात जे काही पडलं, त्यातली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे घसारा. बाकीचं ज्ञान शेवटचा पेपर टाकून घरी येईपर्यंत उडून गेलं होतं. घसारा मात्र राहिला. याची गंमत बघा. दहा लाखांची मोटार घ्या. (हिशेबापुरती घ्या, खरोखर नको.) दर वर्षी शिल्लक किमतीतून पंधरा टक्के वजा करा. पहिल्या वर्षाअखेर साडेआठ लाख, दुसऱ्या वर्षाअखेर सात लाख साडेबावीस हजार. असं करत करत वीस वर्षं झाली तरी वहीत तिची किंमत ३८,७६० रुपये उरतेच. पन्नास वर्षांनीही काहीतरी उरतं. शून्य म्हणून कधी होत नाही. अख्ख्या हिशेबशास्त्रात माया-ममतेला ठेवलेली ही एवढीच जागा असावी.

पण हा झाला वहीतला घसारा. गॅरेजमधल्या घसाऱ्याची चाल वेगळी. तिथे मोटारीची किंमत खाली येते आणि दुरुस्तीचा खर्च वर चढतो. या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे माणूस डोक्याला हात लावून उभा असतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सध्या तिथेच उभे आहेत. निवृत्त इंजिनिअर. तीस वर्षांपूर्वीची, मोठ्या घराण्यातली परदेशी मोटार. (घराण्याचं नाव सांगत नाही, त्यात घराण्याचा दोष नाही. तिसाव्या वर्षी माझीही कंबर धरली होती.) गॅरेजवाल्यानं एस्टिमेट दिलंय एक लाख ऐंशी हजारांचं आणि घ्यायला आलेला माणूस एक लाख चाळीस हजारांच्या वर सरकत नाही. म्हणजे औषध रोग्यापेक्षा महाग. त्याशिवाय पंधरा वर्षांनंतरचा पर्यावरण कर आहे, दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहे, आणि त्याची सहाशे रुपयांची फी २०२२ साली एकदम पाच हजारांवर गेली. गेल्या दोन वर्षांत काकांनी या मोटारीपायी दोन मुदत ठेवी मोडल्या. तिसरीचा फॉर्म त्यांनी माझ्याकडूनच मागून नेला. बँकेतल्या माणसाला शेजाऱ्यांची सुखदुःखं अशी फॉर्मावरून कळतात.

"तुम्ही हिशेबातले. सांगा, ठेवू की विकू?" काकांनी विचारलं.

आता हा प्रश्न काकांना पडलेला पहिला नव्हे. याहून फार मोठ्या माणसांना तो पडून गेलेला आहे, आणि त्यातल्या एकानं तर तो साठ मोटारींच्या बाबतीत सोडवायचा राहूनच दिला. म्हणून उत्तर देण्याआधी इतिहास चाळला.

भारी मोटार विकू नये, ती जन्माची सोबतीण असते, ही समजूत बहुधा १९०७ साली पक्की झाली. त्या साली रोल्स-रॉइस कंपनीनं आपली एक चंदेरी मोटार, तिचं नाव सिल्व्हर घोस्ट, पंचांच्या देखरेखीखाली पंधरा हजार मैल पळवली. लंडन ते ग्लासगो आणि परत, पुन्हा तेच, असं दिवसरात्र. सुरुवातीलाच पेट्रोलची तोटी हादऱ्यांनी आपोआप बंद झाली म्हणून गाडी एकदा थांबली, त्यानंतर चौदा हजारांहून जास्त मैल ती बिघडून म्हणून थांबली नाही. शेवटी सगळी खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा नव्यासारखी करण्याचा खर्च काढला. तो भरला दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. मला त्या सात पेन्सांचं फार कौतुक वाटतं. दोन पौंड म्हटलं की जाहिरात वाटते. सात पेन्स आले की कुठल्या तरी कारकुनानं खरोखर बेरीज केली आहे, याची खात्री पटते.

असली मोटार आपल्या संस्थानिकांना आवडली नसती तरच नवल. हैदराबादच्या सहाव्या निजामानं, महबूब अली खानानं, पिवळ्या रंगाची, आत सिंहासन बसवलेली एक सिल्व्हर घोस्ट मागवली. मोटार यायच्या आधीच, १९११ साली, निजाम पैगंबरवासी झाले. मग ती आली सातव्या निजामाच्या, उस्मान अली खानाच्या दारी. ती इतकी कमी वापरली गेली, की आयुष्यभरात चारशे मैलही पळाली नाही असं शौकीन लोक सांगतात. आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला तेवढं आठवड्यात पळवतो.

हे उस्मान अली खान म्हणजे १९४८ पर्यंत ज्यांच्या अमलाखाली आपला मराठवाडा होता ते. १९३७ साली 'टाइम' साप्ताहिकानं त्यांना जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं. तेच निजाम एकच तुर्की टोपी वर्षानुवर्षं वापरत आणि लिंबाएवढा जेकब हिरा कागदांवर वजन म्हणून ठेवत, असं सांगतात. अशा काटकसरी माणसाच्या घरी खर्चाची गळती असणार नाही, असं कोणालाही वाटेल. आमच्या मॅनेजरांनी तर डोळे मिटून कर्ज मंजूर केलं असतं.

१९६७ साली निजाम वारले आणि नातू मुकर्रम जाह गादीवर आला. त्याच्या हाती काय पडलं, याचं वर्णन विल्यम डॅलरिंपल या इतिहासकारानं केलेलं आहे. एका चौमहल्ला राजवाड्यात हंड्या-झुंबरांवरची धूळ झटकायला अडतीस माणसं होती. निजामांसाठी अक्रोड कुटायला निराळी माणसं होती. आणि गॅरेज! गॅरेजमध्ये साठ मोटारी. त्यांच्या पेट्रोलवर आणि सुट्या भागांवर दर वर्षी पंचेचाळीस हजार पौंड खर्च पडत होते. चालू स्थितीत होत्या चार. राज्यारोहणानंतर नवे निजाम ज्या लिमोझिनमधून जाणार होते, ती वाटेत बंद पडली ती निराळीच.

इथे मी पेन्सिल काढली. पंचेचाळीस हजार भागिले चार म्हणजे एका चालू मोटारीमागे सव्वाअकरा हजार पौंड! साठ वर्षं आधी सात पेन्स मोजणाऱ्या त्या कारकुनाला हे दाखवलं असतं, तर त्यानं राजीनामाच दिला असता.

बाकीच्या छप्पन्न मोटारींचं काय? त्यांच्यावर पेट्रोल कोण घालत होतं आणि ते कोणाच्या टाकीत जात होतं, हे ज्यानं त्यानं आपापल्या ऑफिसच्या अनुभवावरून ताडावं. मला खटकलं ते वेगळंच. या छप्पन्न मोटारी दुरुस्तही होत नव्हत्या आणि विकल्याही जात नव्हत्या. खर्च चालू होता तो मोटारींवर नव्हे, निर्णय न घेण्यावर. दर वर्षी 'बघू पुढे' या दोन शब्दांचं बिल येत होतं आणि ते बिनतक्रार भरलं जात होतं.

पुढे १९७१ साली २६व्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांचे तनखेच बंद झाले. हा प्रश्न मग बऱ्याच राजवाड्यांत आपोआप सुटला. उत्पन्न आटलं की निर्णयशक्ती एकदम तल्लख होते. मुकर्रम जाह मात्र सगळं सोडून पश्चिम ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथे मेंढ्यांचं भलंमोठं रान घेऊन राहिला. करायचा काय? तर निळा डगला चढवून मोटारींच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसायचा नाहीतर बुलडोझर चालवायचा! ज्या घरात साठांपैकी छप्पन्न मोटारी बंद, त्या घरचा वारस मनानं मेकॅनिक निघावा, याला काय म्हणावं? साठ मोटारींचा मालक होऊन जे सुख मिळालं नाही, ते त्याला एका उघड्या इंजिनापाशी मिळालं असावं. पुढे ते रानही हातचं गेलं. २०२३ साली तो इस्तंबूलमध्ये वारला आणि हैदराबादला मक्का मशिदीत विसावला.

काकांना मी हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "अहो, पण मी या गाडीत आजवर साडेचार लाख घातलेत, ते सोडून द्यायचे?"

हिशेबात याचं उत्तर फार कठोर आहे. ते साडेचार लाख गेले. गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. ते परत आणायला पुढचे एक लाख ऐंशी हजार पाठवणं म्हणजे हरवलेल्या माणसाच्या शोधात दुसऱ्याला त्याच जंगलात सोडणं. प्रश्न एवढाच, की पुढचा रुपया जिथे जाणार तिथे तो काही काम करणार का?

"काका, मोटार गेल्या वर्षभरात किती चालली?"

काका गप्प. आतून काकूंनी उत्तर दिलं, "गॅरेजला गेली आणि आली, तेवढी!"

म्हणून मी माझा निकाल सांगितला. महिन्यातून एकदा तरी काकूंना घेऊन जेजुरीला जायचं असेल, तर खुशाल दुरुस्त करा आणि खर्च करमणुकीच्या खात्यावर टाका, मोटारीच्या नको. नुसती खाली उभी करून वरून बघायची असेल, तर एक लाख चाळीस हजार घ्या आणि मोडलेल्या ठेवींतली एक पुन्हा करा. पण तिसरं काही करू नका. 'बघू पुढे' म्हणून ताडपत्री घालणं, हा निजामी मार्ग आपल्याला परवडणारा नाही. तो निजामांनाही परवडला नाही.

काकांनी फॉर्म अजून भरलेला नाही आणि परतही दिलेला नाही.

जुन्या मोटारीला मान कसा द्यावा, हे बघायचं असेल तर दसऱ्याला कोल्हापूरला जावं. छत्रपतींच्या घराण्याची १९३०च्या दशकातली मेबॅक मोटार त्या दिवशी बाहेर निघते. शाहू महाराज तिच्यातून दसरा चौकात येतात, सोनं लुटलं जातं आणि मोटार परत जाते. वर्षातून एवढंच काम, पण ठरलेलं. त्या दिवशी ती सुरू व्हायलाच हवी, म्हणून तिच्यावर जो खर्च होत असेल त्याला कारण आहे. निजामांची पिवळी सिंहासन-मोटारसुद्धा अखेर कामाला लागली. चौमहल्ला राजवाडा दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडला, तिथे ती उभी असते आणि लोक तिकीट काढून तिला बघतात. ज्या मोटारीनं उभ्या आयुष्यात चारशे मैल काटले नाहीत, ती आता जागच्या जागी उभी राहून कमावते आहे. घसाऱ्याच्या वहीत हे कुठे मांडायचं, ते मात्र आम्हांला कॉलेजात शिकवलं नव्हतं.