तीन डोस झाले का?

तर मंडळी, आजची गोष्ट सुरू होते १९६७ साली, फिलाडेल्फियात. डॉ. बारूक ब्लूमबर्ग यांच्या प्रयोगशाळेत बार्बरा वर्नर नावाची टेक्निशियन होती. काम काय, तर दिवसभर रक्ताचे नमुने तपासायचे. १९६३ मध्ये ब्लूमबर्गना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं होतं. त्याचं नाव पडलं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. त्याचा काविळीशी संबंध असावा असा संशय नुकताच यायला लागला होता.

अशात बार्बराला बरं वाटेना. तिने काय करावं? स्वतःचंच रक्त तपासायला लावलं! दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीत पुसटशी रेघ उमटली. मग कावीळ झालीच. सुदैवाने ती पूर्ण बरी झाली. या चाचणीने निदान झालेली काविळीची ही पहिली केस. पुढे कळलं की हे प्रथिन म्हणजे हेपटायटिस बी विषाणूचं बाहेरचं आवरण. ब्लूमबर्गना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा वाढदिवस, म्हणूनच जागतिक हेपटायटिस दिनही त्याच दिवशी.

पण सगळेच बार्बराइतके नशीबवान नव्हते. १९६९-७० मध्ये एडिंबरामध्ये डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांमध्ये या काविळीची साथ आली. रुग्ण तर गेलेच, पण चार कर्मचारीही गेले. त्यानंतर रोझेनहाइम समितीने १९७२ मध्ये अशा विभागांसाठी नियम घालून दिले. आज जे नियम आपल्याला कंटाळवाणे वाटतात, त्यांच्यामागे अशी माणसं आहेत.

लस आली १९८१ मध्ये, अमेरिकेत. ती बनायची बाधित लोकांच्या रक्तद्रवातून, आणि नेमका त्याच वर्षी एड्स उजेडात आला. झालं! विषाणू मारायच्या तीन-तीन प्रक्रिया करूनही हॉस्पिटलातलेच लोक लस घ्यायला घाबरू लागले. १९८६ मध्ये यीस्टपासून बनवलेली लस आली, तिच्यात रक्ताचा संबंधच नव्हता. १९९१ मध्ये कायदा झाला की कर्मचाऱ्यांना लस मालकाने फुकट द्यायची. परिणाम बघा: १९८३ मध्ये तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये वर्षाला सुमारे १० हजार नव्या केसेस होत्या, २००४ मध्ये उरल्या ३०४.

आपल्याकडे लस होती, पण महाग. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेकने देशी लस बाजारात आणली आणि भाव धडाधड खाली आले. कंपनीचे संस्थापक वरप्रसाद रेड्डी हे मूळचे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर (आपल्याच बिरादरीतले, बरं का!). बाळांच्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस देशभर पोचली २०११ मध्ये. म्हणजे आज जे तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना लहानपणी सरकारी लसीकरणात ती मिळालेलीच नाही.

आता हॉस्पिटलात सुई कुणाला टोचते? डॉक्टर-नर्सना टोचतेच. पण चादरीच्या घडीत राहिलेली सुई टोचते धुलाईवाल्याला. कचऱ्याच्या पिशवीतली टोचते मामांना, फरशी पुसताना मावशींना. बाधित रक्ताच्या सुईने लस न घेतलेल्याला एचआयव्ही व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के, हेपटायटिस बीची ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. वाळलेल्या रक्तात हा विषाणू सात दिवस तग धरतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपटायटिस बीची लस देणं हॉस्पिटलचं काम आहे. प्रत्येकाला, म्हणजे कंत्राटी मावशींनाही.

बाकी काळजी अगदी साधी. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही. एका हातात टोपण, दुसऱ्यात सुई आणि नजर तिसरीकडे, तिथेच घात होतो. सुई थेट जाड, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. हातमोजे हवेतच. टोचलीच तर जागा दाबून रक्त काढत बसायचं नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच सांगायचं. लस झालेली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन आणि लस शक्यतो २४ तासांच्या आत मिळायला हवी. ‘साहेब ओरडतील’ म्हणून लपवलं, की ही वेळ हातची जाते.

लसीचे डोस तीन: पहिला, मग एक महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी. आकडा १० च्या वर आला की निश्चिंत. खरी गळती होते ती तिसऱ्या डोसला. तोवर माणूस नोकरी बदलतो, कंत्राटदार बदलतो, कार्ड हरवतं.

हे सगळं आपल्याला कशाला, असं वाटेल. पण आजीला इन्सुलिन द्यायला ब्यूरोतून ज्या ताई येतात, त्याही या साखळीतल्याच. त्यांच्या पगाराची घासाघीस आपण मन लावून करतो. त्याच बैठकीत एक प्रश्न वाढवायला काय हरकत आहे: “ताई, हेपटायटिस बीचे तीन डोस झालेत का?” नसतील झाले, तर पैसे आपण भरावेत. एका वीकेंडच्या पिझ्झाइतकाही खर्च येत नाही हो!