जामीन कोण?

नवतरुणाला उसने द्यावे की न द्यावे, हा प्रश्न धनकोच्या धंद्याइतकाच जुना असला, तरी ज्याची कोठेही, कोणाच्याही वहीत, एकही नोंद नाही असा ऋणको समोर येऊन उभा राहणे ही गोष्ट पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात अगदी अलीकडची आहे. आणि ती मोठ्या प्रमाणावर घडली ती चंद्रपूरच्या उत्तरेस, दुर्गापूरच्या कोळशाशेजारी, महाऔष्णिक विद्युत केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविलेल्या ऊर्जानगरासारख्या वसाहतीत. तत्पूर्वीच्या तरुणाची विवंचना नेमकी उलट होती. त्याला कर्जाचा पूर्वेतिहास नव्हता असे नाही, तो त्याच्या जन्माआधीच लिहिला गेलेला असे.

याज्ञवल्क्यस्मृतीने प्रतिभू म्हणजे जामीन तीन प्रकारचा मानला आहे: ऋणकोला हजर करण्याची हमी घेणारा, त्याच्या विश्वासार्हतेची ग्वाही देणारा, आणि त्याने न फेडल्यास स्वतः फेडणारा. पहिल्या दोघांची जबाबदारी त्यांच्यापुरती; तिसऱ्याची मात्र त्याच्या पुत्रांवरही येते, असा तिचा निर्णय आहे. पित्याचे ऋण पुत्राने आणि पौत्रानेही फेडावे, या धर्मशास्त्राच्या दंडकाशी तो सुसंगतच होता. व्यवहारात याचा अर्थ असा, की मिसरूड फुटलेला मुलगा प्रथमच सावकाराच्या ओसरीवर चढे तेव्हा त्याचे नाव नवे असले तरी त्याचे खाते जुने असे. आजोबाने कोणत्या दुष्काळात शब्द पाळला आणि बापाने कोणत्या लग्नात तो मोडला, याची खतावणी सावकारास मुखोद्गत असे.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अंमलाने जमाबंदी करून मालगुजारांना गावाची मालकी दिली, आणि वसुलीचा धनी तोच पुष्कळदा बियाण्याचाही धनी झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या मुलखात कर्ज रोकडीपेक्षा धान्याचेच अधिक असावे हे साहजिक होते. पेरणीस धान न्यावे आणि सुगीस सवाईने किंवा दिढीने परत करावे, म्हणजे खंडीभर नेल्यास सवा किंवा दीड खंडी मोजून द्यावी, हा वाढीदिढीचा व्यवहार सरकारी कागदांहून जुना होता. १८९८ च्या कूळकायद्याने सामान्य कुळाच्या हस्तांतरणाच्या हक्कावर मोठी बंधने घातली. हेतू कुळाचे रक्षण हाच होता, तथापि गहाणास जमीन नसेल तर माणूसच गहाण, असा त्याचा एक परिणाम झाला. ज्या तरुणाच्या घरी जमीनही नव्हती आणि पतही नव्हती, त्याच्यापाशी तारण म्हणून एकच वस्तू उरे, ती म्हणजे त्याचे पुढील वर्ष. गुढीपाडव्यास सालगडी म्हणून राहताना तो जी उचल घेई, ती कर्जही असे आणि आगाऊ वेतनही. वर्ष सरे, पण उचल न फिटल्याने साल पुन्हा तेथेच सुरू होई. वेठबिगारीस १९७६ च्या कायद्याने बंदी केली, ती या साखळीचे जड टोक तोडण्यासाठी.

सरकारने या कोंडीत हात घातला तो प्रथम तगाईच्या रूपाने. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी विहिरी-बांधबंदिस्तीसाठी आणि बी-बैलांसाठी कर्ज देण्याची तजवीज झाली, आणि अनेकांनी मिळून घेतलेल्या कर्जास सर्वांची संयुक्त जबाबदारी लावण्याची मुभा त्यांत होती. या विचाराची पूर्ण परिणती १९०४ च्या सहकारी पतपेढी कायद्यात दिसते. जर्मनीतील रायफायझेनच्या ग्रामपेढ्यांचा अभ्यास करून मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी जो मार्ग सुचविला होता, त्याच वाटेने जाऊन या कायद्याने अठरा वर्षांवरील दहा माणसांना संस्था काढण्याची परवानगी दिली. मात्र ती एका गावची किंवा एका जमातीची असावीत, आणि ग्रामीण संस्थेच्या सभासदांची जबाबदारी अमर्याद असावी, असा या कायद्याचा कणा होता. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला येथेही जागा नव्हती. परंतु ज्याला ओळखतात त्याच्याकडे जमीन नसली तरी चालेल, असे कायद्याने प्रथमच मान्य केले. पुढे मंदीच्या लाटेत प्रांतातील पुष्कळ संस्था डबघाईस आल्या, कर्जे थकली, आणि मध्य प्रांतास १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा व १९३४ मध्ये सावकारांवर हिशेब देण्याचे बंधन घालणारा कायदा करावा लागला. स्वातंत्र्यानंतर, १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा अवघा सुमारे तीन टक्के भरला. बहुतांश कर्ज अजूनही सावकाराचेच होते.

मालगुजारी याच सुमारास संपली. जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८२ मध्ये त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, दुर्गापूर येथे वीजमंडळाचा २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या, पंचविशीतल्या, घरभाडे, लग्न आणि बहिणीचे शिक्षण एकाच पगारात बसवू पाहणाऱ्या तरुणांची वसाहत जंगलाच्या कडेला उभी राहिली. चांद्याच्या बाजारात त्यांच्या बापाला ओळखणारे कोणी नव्हते, त्यामुळे कोणत्याही वहीत त्यांचे पान उघडलेले नव्हते. त्यांचा प्रश्न पगारदार नोकरांच्या पतसंस्थेने सोडविला, आणि तो सोडविण्याचे साधन महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ४९ मध्ये होते: सभासदाने संमती दिली असता त्याच्या वेतनातून हप्ता कापून संस्थेस भरणा करणे मालकावर बंधनकारक आहे. मासिक वर्गणी, भागभांडवल, आणि दोन सभासद जामीनदार, एवढ्यावर कर्ज मिळू लागले. जामीनदार बहुधा त्याच पाळीतला, त्याच विभागातला; हप्ता चुकला तर कपात त्याच्या पगारातून होणार, हे त्याला सही करतानाच ठाऊक असे. याज्ञवल्क्याचा तिसरा प्रतिभू येथे पुत्राऐवजी सहकाऱ्याच्या रूपाने पुनः अवतरला, आणि घराण्याच्या पूर्वेतिहासाची जागा वेतनचिठ्ठीने घेतली.

या व्यवस्थेची मर्यादाही तिच्याच पायात होती. जो कायम नोकरीत नाही तो सहसा सभासद होऊ शकत नाही, आणि वीजकेंद्राच्या व खाणींच्या परिसरात कंत्राटदाराकडे राबणाऱ्या मुलाची वेतनचिठ्ठी, असलीच तर, कंत्राटाच्या मुदतीइतकीच दमदार असते. त्याच्यासाठी २००० मध्ये स्थापन झालेल्या सिबिल या पतमाहिती कंपनीने नवी खतावणी उघडली. ३०० ते ९०० या गुणांकात माणसाची पत मोजली जाऊ लागली, आणि ज्याने कधी कर्ज घेतलेच नाही त्याच्या नावापुढे ‘उणे एक’ अशी खूण पडू लागली. कर्ज नाही म्हणून इतिहास नाही, आणि इतिहास नाही म्हणून कर्ज नाही, या चक्राची दखल अखेर सरकारलाही घ्यावी लागली. केवळ पूर्वेतिहास नसल्यामुळे प्रथम कर्जदाराचा अर्ज फेटाळू नये, हा रिझर्व्ह बँकेचा निर्देश २०२५ मध्ये अर्थखात्याने संसदेत स्पष्ट केला.

निर्देशाने अर्ज स्वीकारला जाईल; विश्वास मात्र कोणीतरी निर्माण करावा लागतो. नाबार्डने १९९२ मध्ये बचतगट बँकांशी जोडण्यास आरंभ केला तेव्हा गटाने आधी काही महिने स्वतःची बचत करून आपापसांत कर्ज फिरवून दाखवावे, अशी अपेक्षा ठेवली होती. गडचिरोलीच्या गावोगावी स्त्रियांनी अशाच लहान रकमांतून आपली नोंद स्वतःच तयार केली. सावकाराचे व्याज जाचक होते, घराण्याच्या अब्रूवर दिलेले कर्ज पिढ्यांना बांधून टाकी, आणि गुणांकाने त्या दोहोंतून तरुणाची सुटका केली हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही. तथापि तीनही जुन्या व्यवस्थांत ग्वाही देणाऱ्याचे काही तरी पणाला लागत असे, सभासदाचा पगार, गावाची अमर्याद जबाबदारी, निदान शब्द. गुणांक चुकला तर गुणांकाचे काही जात नाही. म्हणून ऊर्जानगरच्या आसपासच्या कंत्राटी तरुणास आज जे हवे आहे ते मोठ्या कर्जापेक्षा, १९०४ च्या कायद्याला जे दिसले होते तेच आहे: लहान रकमेचे पहिले कर्ज, आणि त्याच्यासाठी स्वतः काही पणाला लावून सही करणारे, त्याला ओळखणारे, दहाजण. पतसंस्थेच्या उपविधीत अशा कंत्राटी तरुणांना सभासद करून घेणारे एक कलम घालणे, हे काम वीजकेंद्र उभारण्याहून खचितच सोपे आहे.