इंग्रजी शब्दांचे प्रश्न : अर्थ ठाऊक, तरी उत्तर चूक

कर्मचारी निवड आयोगाच्या पदवी स्तरावरील परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात. प्रत्येकी २ गुण, आणि उत्तर चुकल्यास अर्धा गुण वजा. मराठी माध्यमातील अनेक उमेदवार या भागाची तयारी इंग्रजी शब्द व त्यापुढे मराठी प्रतिशब्द अशा याद्या पाठ करून करतात. फसगत होते ती तेथेच.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ ही जोडी पाहावी. मराठीत पैसे उसने घेतात आणि उसनेच देतात. इंग्रजीत घेण्याला एक शब्द, देण्याला दुसरा. यादीत दोन्हींपुढे ‘उसने’ असते आणि प्रश्नात दोन्ही पर्याय शेजारी येतात. वाक्यात पुढे ‘फ्रॉम’ आहे की ‘टू’, एवढे पाहिले तरी बहुधा उलगडा होतो. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे आर्थिक, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे कमी खर्चाचे. धोरणाला पहिले विशेषण शोभते, स्कूटरला दुसरे. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा, म्हणजे निकालात त्याचा स्वार्थ नसावा. तो ‘अनइंटरेस्टेड’, म्हणजे खटल्यात रसच नसलेला निघाला, तर पक्षकारांचे कठीण!

काही जोड्या देवनागरीत लिहिल्या की एकरूप होतात. ‘स्टेशनरी’ हा उच्चार दोन शब्दांचा आहे : ‘आर’च्या आधी ‘ए’ असेल तर अर्थ स्थिर, ‘ई’ असेल तर लेखनसाहित्य. ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी ‘एएल’ असेल तर प्राचार्य किंवा प्रमुख, ‘एलई’ असेल तर तत्त्व. येथे देवनागरीत काढलेली टिपणे निरुपयोगी ठरतात.

रिकाम्या जागेचे वाक्य पर्यायांवर नजर टाकण्यापूर्वी पूर्ण वाचणे हिताचे. आरंभी ‘ऑलदो’ किंवा ‘डिस्पाइट’ असल्यास वाक्याचे दोन भाग परस्परविरोधी असतात. जागेआधी ‘अ‍ॅन’ असेल तर उत्तराचा आरंभ स्वरोच्चाराने होतो. निकष उच्चाराचा, अक्षराचा नव्हे. ‘सुपीरिअर’नंतर ‘टू’ येते, परंतु मनातला मराठी ‘पेक्षा’ हात ‘दॅन’कडे नेतो. शब्दाची अशी सोबत प्रतिशब्दांच्या यादीत सापडत नाही. त्यासाठी उदाहरणवाक्ये देणारा कोश हवा; हॉर्नबी यांचा, ऑक्सफर्डने १९४८ साली प्रकाशित केलेला अभ्यासकोश आजही नव्या आवृत्त्यांतून उपलब्ध आहे.

राहिला अंदाजाचा प्रश्न. चार पर्यायांत डोळे मिटून केलेल्या निवडीत सरासरी एक अष्टमांश गुणच पदरी पडतो. एक पर्याय खात्रीने बाद केला, तर एक तृतीयांश. दोन बाद केले, तर पाऊण.