हंगामाला पाच दिवस उरले असताना मासेमारी बंद: अलास्काचे १,००० कोटी खेकडे गेले कुठे?

१० ऑक्टोबर २०२२. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात खेकड्यांचा हंगाम सुरू व्हायला फक्त पाच दिवस उरले होते. तेवढ्यात राज्याच्या मत्स्य विभागाने जाहीर केलं की यंदा स्नो क्रॅब पकडायचा नाही. असं इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. शेजारच्या ब्रिस्टल बेमधला रेड किंग क्रॅबही सलग दुसऱ्या वर्षी बंद राहिला. 'डेडलिएस्ट कॅच' हा शो तुम्ही पाहिला असेल, तर त्यातला समुद्र हाच.

ही आपल्या पावसाळी बंदीसारखी बंदी आहे का?

नाही. महाराष्ट्रात साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. ती दरवर्षी येते, त्यामुळे कोळीवाड्यांत त्या हिशोबानेच तयारी होते. अलास्कातली बंदी मात्र मोजणीवरून ठरली. तिथे दर उन्हाळ्यात संशोधक ठरावीक ठिकाणी जाळं ओढतात, त्यात आलेले खेकडे मोजतात आणि त्यावरून एकूण साठ्याचा अंदाज बांधतात. त्यावर वर्षाचा कोटा ठरतो. साठा ठरलेल्या पातळीखाली गेला, तर कोटा शून्य.

मग खेकडे गेले कुठे?

२०१८ मध्ये स्नो क्रॅबची संख्या विक्रमी होती. कोरोनामुळे २०२० ची मोजणी झालीच नाही. २०२१ मध्ये जाळी टाकली, तेव्हा समुद्राचा तळ जवळपास रिकामा निघाला. २०१८ ते २०२१ या काळात १० अब्जांहून जास्त, म्हणजे १,००० कोटींहून जास्त खेकडे नाहीसे झाले होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने याचं कारण शोधलं: उपासमार. २०१८-१९ मध्ये बेरिंग समुद्रात उष्णतेची लाट होती. पाण्याचं तापमान ० वरून ३ अंशांवर गेलं की या खेकड्याला जवळपास दुप्पट अन्न लागतं. त्यात खाणारी तोंडं विक्रमी. अन्न पुरलं नाही.

कोटा किती घसरला?

• २०२०-२१: ४.५ कोटी पौंड (सुमारे २०,४०० टन)
• २०२१-२२: ५६ लाख पौंड (सुमारे २,५०० टन)
• २०२२-२३ आणि २०२३-२४: शून्य

याची किंमत कोणी मोजली?

बोटमालक, खलाशी आणि किनाऱ्यावरची गावं. सेंट पॉल हे बेटावरचं काही शे वस्तीचं गाव. खेकड्यांवर प्रक्रिया करणारा कारखाना आणि त्यातून मिळणारा कर हाच गावाच्या उत्पन्नाचा मोठा आधार. हंगाम गेला आणि गावाने आणीबाणी जाहीर केली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनेही याला 'मत्स्य आपत्ती' ठरवलं, म्हणजे मदतीचा रस्ता खुला झाला. पण अशी मदत हातात पडायला बराच काळ जातो आणि बोटीचे हप्ते तोवर थांबत नाहीत.

वाद कशावरून?

खेकडे पकडणारे घरी बसले, पण इतर मासे पकडणाऱ्या मोठ्या ट्रॉलर बोटी चालूच होत्या. त्यांच्या जाळ्यांत खेकडेही सापडून मरतात. म्हणून किंग क्रॅब राहतात तो एक पट्टा सहा महिने सगळ्यांसाठीच बंद करा, अशी तातडीची मागणी खेकडे पकडणाऱ्यांच्या संघटनेने केली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मत्स्य विभागाने ती फेटाळली. बंदी फक्त आम्हालाच का, हा त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

बंदीचा फायदा झाला का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये स्नो क्रॅबचा हंगाम पुन्हा उघडला, पण कोटा होता फक्त ४७ लाख पौंड. चार वर्षांपूर्वीच्या साधारण एक दशांश. बंदीमुळे उरलेल्या खेकड्यांना वाढायला वेळ मिळतो, एवढं नक्की. पण समुद्र तापला म्हणून खेकडे उपाशी मेले असतील, तर बोटी बंद ठेवून पाणी थंड होत नाही. पुढची उष्णतेची लाट आली, तर आत्ता वाचलेले खेकडेही त्याच संकटात सापडू शकतात.