वळिवड्याची छावणी

सोव्हिएट हद्दपारीतून इराणमार्गे सुटून आलेल्या सुमारे ५००० पोलिश निर्वासितांना १९४३ साली कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आसरा मिळाला. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. स्वभाषेच्या शाळा आणि प्रार्थनामंदिर चालविण्याची मुभा त्यांना होती, हे यजमानांचे औदार्य खरेच. मात्र खर्चाचा भार मुख्यतः लंडनस्थित पोलिश सरकारवर होता, याचा विसर पडतो. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यताच काढून घेतली. पूर्व पोलंड सोव्हिएट हद्दीत गेला. अनेकांना परतावयास गावच उरले नाही. (सौंसर-पांढुर्ण्याच्या आम्हां मराठी माणसांनाही सीमारेषेचा अनुभव आहे, पण आमची घरे जागच्या जागी राहिली.) १९४८ मध्ये छावणी मोडली. त्याच जागी सिंधी निर्वासित वसले. तेच आजचे गांधीनगर.